पाटीची वाट बघू नका: 'सनराइज' पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

मूकपट बघायला बसलेल्या नवख्या माणसाची एक चूक ठरलेली असते. पडद्यावर दोघांचे ओठ हलतात आणि हा पाटीची, म्हणजे मधेच पडद्यावर येणाऱ्या लिहिलेल्या संवादाची, वाट बघत बसतो. पाटी येते, हा वाचतो, अर्थ लागला म्हणून निश्चिंत होतो आणि पुढच्या पाटीकडे डोळे लावतो. मधली दोन-तीन मिनिटं वाया. शेवटी 'छान आहे, पण संथ आहे' असं म्हणून उठतो.

मीही असाच उठलो होतो, एका फिल्म सोसायटीतल्या 'सनराइज'च्या खेळाला. पुढे बऱ्याच वर्षांनी तोच चित्रपट घरी लॅपटॉपवर लावला, तेव्हा आई शेजारी लसूण सोलत बसली होती. तिला इंग्रजी वाचता येत नाही. मी पाट्या वाचून दाखवायला लागलो, तर म्हणाली, "थांब रे, कळतंय मला." थोड्या वेळाने नायक बायकोला घेऊन होडीकडे निघाला. त्याची नुसती चाल बघून ती म्हणाली, "पाऊल कसं ओढतोय बघ. काही बरं नाही याच्या मनात." दिग्दर्शक मुर्नाऊने त्या नटाच्या बुटांत वजनं घातली होती, हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. आईला ते लसूण सोलता सोलता दिसलं.

म्हणून हे टिपण. मूकपट कधीच बघितला नसेल, तर 'सनराइज' (1927) या एका प्रेमकथेपासून सुरुवात कशी करायची, एवढंच यात आहे. एक सांगून ठेवतो: पुढे गोष्ट शेवटापर्यंत सांगितली आहे. मूकपटाच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. गोष्ट आधीच ठाऊक असली की डोळे मोकळे राहतात. आपल्या कीर्तनाला बसणाऱ्या कुणाला सीताहरणाचा पुढचा भाग माहीत नसतो?

पायरी 1: काय बघायचंय ते आधी माहीत करून घ्या

पूर्ण नाव 'सनराइज: अ साँग ऑफ टू ह्युमन्स'. दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ, जर्मनीतला नावाजलेला माणूस. फॉक्स या अमेरिकन चित्रपट कंपनीच्या विल्यम फॉक्सने त्याला अमेरिकेत बोलावून घेतलं आणि हवं तसं काम करू दिलं. पटकथा कार्ल मायरची, मूळ कथा हेरमान झुडरमान या जर्मन लेखकाची. पात्रांना नावंच नाहीत: पुरुष, बायको आणि शहरातली बाई. जॉर्ज ओब्रायन, जॅनेट गेनर आणि मार्गारेट लिव्हिंग्स्टन.

गोष्ट दोन ओळींची. तळ्याकाठच्या गावातला शेतकरी सुट्टीला आलेल्या शहरी बाईच्या नादी लागतो. बायकोला होडीतून नेऊन बुडवायचं ठरतं. ऐन वेळी त्याचा हात धजत नाही. बायको जीव घेऊन पळते, तो मागे धावतो, दोघं शहरात पोचतात, आणि त्या एका दिवसात त्यांचा मोडलेला संसार पुन्हा जुळतो. परतताना वादळ येतं.

पुरस्कारांचं एका वाक्यात: 16 मे 1929 ला ऑस्करचा पहिलावहिला समारंभ झाला, त्यात या चित्रपटाला 'आगळी आणि कलात्मक निर्मिती' म्हणून एक पुरस्कार, छायाचित्रणासाठी चार्ल्स रॉशर आणि कार्ल स्ट्रस यांना दुसरा, आणि 22 वर्षांच्या जॅनेट गेनरला या आणि आणखी दोन चित्रपटांसाठी अभिनेत्रीचा. यापलीकडे त्यात अडकू नका. पुरस्कारांची यादी वाचून बसलेला प्रेक्षक दर पाच मिनिटांनी 'हे एवढं थोर का?' असं स्वतःला विचारत राहतो.

पायरी 2: प्रत नीट निवडा

इथे घाई करू नका. नवख्यांची निम्मी निराशा चित्रपटामुळे नसते, वाईट प्रतीमुळे असते.

'सनराइज'ची मूळ निगेटिव्ह 1937 साली फॉक्सच्या न्यू जर्सीतल्या गोदामाला लागलेल्या आगीत गेली. त्या काळची नायट्रेट फिल्म म्हणजे कापसासारखी पेट घेणारी वस्तू. आज आपण बघतो ते उरलेल्या प्रतींवरून पुन्हा तयार केलेलं आहे. तेव्हा ओरखडे आणि मधेच फिकट होणारं चित्र दिसणारच, त्याला तुमच्या इंटरनेटचा दोष नाही.

दोन आवृत्त्या फिरतात. एक सुमारे 95 मिनिटांची अमेरिकन, आणि एक सुमारे 79 मिनिटांची, चेक संग्रहालयातल्या प्रतीवरून आलेली. पहिल्यांदा 95 मिनिटांचीच घ्या. कारण असं, की हा मूकपट पूर्ण मुका नाही. फॉक्सच्या मूव्हीटोन पद्धतीने त्याच्या फिल्मच्या कडेलाच संगीत आणि काही आवाज छापले होते. चर्चच्या घंटा, शहराचा गलका, वादळ. 23 सप्टेंबर 1927 ला न्यूयॉर्कमध्ये तो लागला, आणि दोनच आठवड्यांत, 6 ऑक्टोबरला, गाणाऱ्या-बोलणाऱ्या 'द जॅझ सिंगर'ने मूकपटांची सद्दी संपवायला घेतली. त्या उंबरठ्यावरचं हे संगीत चुकवू नका. कुणीतरी घरबसल्या चढवलेल्या पियानोच्या ट्रॅकवर मी एकदा हा चित्रपट मित्रांना दाखवला. खुनाच्या प्रसंगाला लग्नाच्या पंगतीसारखं संगीत वाजत होतं. त्यातले दोघं त्यानंतर माझ्याकडे चित्रपट बघायला आलेले नाहीत.

प्रत बरोबर आहे का, हे ओळखायच्या दोन खुणा. माणसं कोंबड्यांसारखी तुरुतुरु पळत असतील, तर वेग चुकलाय. बंद करा आणि दुसरी शोधा. दुसरं, चित्र जवळजवळ चौकोनी दिसलं पाहिजे, कारण कडेची पट्टी आवाजाने खाल्ली होती. टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, ते येऊ द्या. स्क्रीन भरावी म्हणून झूम केलंत, तर माणसांची डोकी आणि पाय छाटले जातील. पाय या चित्रपटात किती कामाचे आहेत, ते वर सांगितलंच.

1927 चा चित्रपट असल्यामुळे 1 जानेवारी 2023 पासून तो अमेरिकेत कॉपीराइटमधून मोकळा झालाय. त्यामुळे फुकट प्रती भरपूर, आणि त्यात रद्दीही भरपूर.

पायरी 3: बसायची तयारी

खोलीत अंधार. फोन दुसऱ्या खोलीत. बोलपट चालू असताना मान खाली घातली तरी कान काम करत असतात. इथे मान खाली गेली की चित्रपट गेला. एवढंच. खायला काही घ्यायचं असेल, तर ज्याकडे बघावं लागत नाही असं घ्या.

बरोबर कुणी असेल तर उत्तम. मूकपट बघताना बोललं तर चालतं, हा त्याचा एक मोठाच फायदा. आपल्याकडे मूकपटांच्या काळात थिएटरात पेटी-तबला वाजायचा, पाट्या अनेक भाषांत असायच्या आणि वाचता येणारा माणूस शेजारच्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा. शांत बसून बघायची शिस्त नंतरची.

पायरी 4: पहिली वीस मिनिटं सांभाळा

बहुतेक जण इथेच गळतात. नायक कपाळाला आठ्या घालून फिरतो, काळ्या कपड्यातली शहरी बाई सिगारेट ओढते, शीळ घालते, आणि बायको ताट वाढून आणते तोवर त्याची खुर्ची रिकामी. थोडं नाटकी वाटेल. वाटू द्या. 1927 चा अभिनय आहे, तो अंगानं बोलतो. आपली लोकनाट्यं बघितलेल्या माणसाला तेवढा सराव असतोच.

या भागात एक गोष्ट मराठी प्रेक्षकाच्या ओळखीची निघेल. गावातल्या बायका कुजबुजतात, की हा त्या बाईपायी कर्जबाजारी झाला, सावकार शेत धुऊन नेतायत. गोठ्यातलं जनावर बाहेर नेतानाही दिसतं. याच्या दोनच वर्षं आधी, 1925 मध्ये, कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' केला होता. त्यातला शेतकरी, म्हणजे तरुण व्ही. शांताराम, जमीन गमावून शहरात गिरणी कामगार होतो. दोन्हीकडे गाव, सावकार आणि शहर. मात्र आपल्या शेतकऱ्याला शहर गिळतं, आणि मुर्नाऊच्या शेतकऱ्याला त्याची बायको शहरातच परत मिळते. हा फरक डोक्यात ठेवून बघितलं, तर पुढचा तासभर वेगळा दिसतो.

मग तो रात्री दलदलीतून बाईला भेटायला निघतो. चंद्र, धुकं, आणि कॅमेरा त्याच्या मागोमाग झाडांमधून, कुंपणावरून, मधेच त्याला सोडून भलत्याच वाटेने जातो आणि त्याच्या आधीच बाईपाशी पोचतो. त्या काळचा कॅमेरा हा काही हातात धरून पळायचा प्रकार नव्हता. तो वरून रुळांवर टांगून चालवलेला होता. आज ड्रोनला सरावलेल्या डोळ्यांना यात विशेष वाटणार नाही, पण एवढं बघा: आपण त्याच्या बरोबर चाललोय, की त्याच्यावर पाळत ठेवतोय? मला दर वेळी वेगळं वाटतं.

याच प्रसंगात चित्रपटातली सगळ्यात प्रसिद्ध पाटी येते. बाई विचारते, ती बुडू शकत नाही का? आणि पाटीवरची अक्षरं वितळल्यासारखी खाली घसरत पाण्यात गेल्यागत नाहीशी होतात. पाटीची वाट बघू नका म्हणालो खरा, पण ही एक पाटी बघण्यासाठीच आहे. पुढे पाट्या विरळ होत जातात. मुर्नाऊला त्या नकोच होत्या. याआधी जर्मनीत त्याने जवळजवळ पाट्यांशिवाय एक अख्खा चित्रपट केला होता.

आणि लव्हाळी. बाई दलदलीतली लव्हाळी उपटून त्यांची मोळी बांधते. बेत असा, की होडी उलटवायची, बायको बुडेल, आणि याने त्या मोळीला धरून तरंगत काठाला यायचं. ती मोळी नीट लक्षात ठेवा.

पायरी 5: होडीत चेहरा बघू नका

आता सगळ्यात महत्त्वाची दहा मिनिटं. इथे एक उपाय सांगतो, तो करून बघा: चेहऱ्यांवरची नजर मुद्दाम काढा.

आधी कुत्रा बघा. बायको आनंदाने आवरून निघालीय. नवऱ्याने कितीतरी दिवसांनी कुठे नेतो म्हटलंय. कुत्रा भुंकतो, साखळी तोडतो, पाण्यात उडी मारून पोहत होडीपाशी येतो. नवरा होडी वळवून त्याला परत नेऊन बांधतो. एवढा वेळ बायको होडीत एकटी बसलेली. उतरावं, की न उतरावं? ती उतरत नाही. एकाही पाटीशिवाय आपल्याला कळतं, की तिला काहीतरी कळलंय.

मग त्याची पाठ. वल्हवताना तो तिच्याकडे बघत नाही. खांदे पुढे पडलेले, मान आत. तळ्याच्या मध्यावर वल्ही थांबतात. तो उठतो, आणि ते उठणं इतकं सावकाश आहे, की बसलेला माणूस उभा राहतोय यापेक्षा पाण्यातून काही वर येतंय असं वाटतं. ती मागे सरकते, होडीची कड येईपर्यंत. सरकायला आणखी जागा नाही.

आणि तिचे हात. ती ते जोडते. आपल्याकडे हात जोडणं म्हणजे नमस्कारही असतो आणि 'नको हो' हेही असतं, त्यामुळे मराठी डोळ्याला ते जोडलेले हात जरा जास्तच बोचतात. माझ्या आईच्या हातातली लसणाची पाकळी इथे ताटलीत पडली.

तो तोंड हातांनी झाकतो आणि मग वेड्यासारखा वल्ही मारत काठाकडे नेतो. याच्यात दोन वाक्यंसुद्धा बोललेली नाहीत.

पायरी 6: केकच्या ताटलीपाशी थांबा

ती उतरून जंगलात पळते. झाडीतून, अगदी अनपेक्षितपणे, ट्राम येते. ती चढते, तोही मागून चढतो. ट्राम तळ्याच्या कडेने वळणं घेत शहरात शिरते, खिडकीबाहेर झाडं, मग कारखाने, मग रस्ते, आणि आत दोघं एकमेकांकडे न बघता उभे. हे शहर खरं नाही, सगळं बांधलेलं. ते दूरवर पसरल्यासारखं दिसावं, म्हणून लांबच्या इमारती लहान केल्या होत्या आणि मागच्या बाजूला ठेंगण्या माणसांना उभं केलं होतं. कळल्यावर हसू येतं, पण बघताना पकडता येत नाही.

शहरात तो तिला एका उपाहारगृहात बसवतो आणि केक मागवतो. ताटली तिच्याकडे सरकवतो. ती एक तुकडा उचलते, तोंडापाशी नेते आणि तिला रडू फुटतं, गिळवत नाही.

इथे पॉज करा. खरंच करा. ज्या माणसाने तासाभरापूर्वी जीव घ्यायचा बेत केला होता, तो आता काय बोलणार? चुकलं म्हणणार? त्याच्याकडे शब्द नाहीत, आणि मूकपट असल्यामुळे चित्रपटाकडेही नाहीत. मग एक ताटली टेबलावरून चार बोटं पुढे सरकते. आपल्या घरांत भांडणानंतर कोण 'सॉरी' म्हणतं? 'चहा घेणार का?' असं विचारलं जातं, तसंच हे. बोलपटात या जागी संवाद आला असता आणि प्रसंग तिथेच मेला असता, असं माझं ठाम मत आहे.

तिची भीती ताटलीने जात नाही, फुलांनीही नाही. ते एका चर्चमध्ये शिरतात, तिथे कुणा दुसऱ्यांचं लग्न चाललेलं. पाद्री नवरदेवाला सांगतो, हिला जप, हिचं रक्षण कर. हा मागच्या बाकावर बसून ते ऐकतो आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडतो. बाहेर आल्यावर लोक नवरा-नवरीसाठी थांबलेले असतात, आणि त्यांच्यातून ही दोघं चालत जातात. मग तशीच भर रहदारीत शिरतात, भोवतालचा रस्ता विरघळून कुरण होतं, तिथे ती एकमेकांना जवळ घेतात आणि एकदम चहूबाजूंनी भोंगे. मधोमध ट्रॅफिक तुंबलेला.

पायरी 7: मधला पसारा बघून कंटाळलात तरी चालेल

न्हाव्याचं दुकान, फोटो स्टुडिओ, जत्रेसारखं करमणूक उद्यान, दारू प्यायलेलं डुकराचं पिल्लू. हा भाग लांबलाय, आणि काही विनोद शिळे झालेत. चहा करायला उठायचं असेल तर इथे उठा.

फक्त न्हाव्याकडचा एक क्षण चुकवू नका. एक लोचट गृहस्थ बायकोला चिकटायला बघतो, नवरा खिशातून चाकू काढतो. त्या क्षणी बायकोचा चेहरा बघा: सकाळची होडी तिच्या डोळ्यांत परत येते. तो चाकूने त्या गृहस्थाच्या कोटावरचं फूल तेवढं छाटतो. सगळे हसतात. ती लगेच हसत नाही.

पायरी 8: वादळ, आणि ती मोळी

चांदण्यात शिडाच्या होडीतून परतताना वादळ येतं. तो होडीत पडलेली लव्हाळ्याची मोळी उचलतो आणि तिच्या अंगाला बांधतो. स्वतःसाठी ठेवलेली, खुनाच्या बेतातली मोळी. तुकोबांच्या महापुरात झाडं वाहून जातात आणि लव्हाळी वाचतात. इथे लव्हाळी वाचवतात. हे जुळवून मुर्नाऊने काही केलेलं नाही, पण मराठी माणसाला ते आठवल्याशिवाय राहत नाही.

होडी उलटते. तो काठाला लागतो, ती सापडत नाही. गावकरी कंदील घेऊन शोधायला निघतात, पाण्यावर सुटी लव्हाळी तरंगताना दिसतात. त्याच्या हाकांच्या जागी संगीतात शिंग वाजतं, तिकडे कान द्या. बेत फत्ते झाला असं समजून शहरी बाई हसत पुढे येते, हा तिचा गळा धरतो, तेवढ्यात हाक येते, की ती जिवंत आहे. मूळ जर्मन कथेत नवरा बुडतो आणि बायको वाचते. चित्रपटात दोघं वाचतात आणि सूर्य उगवतो.

पायरी 9: नंतर भांडा

चित्रपट संपल्यावर बरोबरच्यांत एक प्रश्न निघेलच, निघाला पाहिजे: जीव घ्यायला निघालेल्या नवऱ्याला तिने माफ का करावं? आमच्याकडे आईने एका वाक्यात निकाल दिला: "मी केलं नसतं." आणि तरी ती शेवटी डोळे पुसत होती. बायको सोशिक आणि सोनेरी केसांची, शहरी बाई काळ्या कपड्यांची आणि वाईट, हा साचा आज खटकतो आणि खटकायला हवा. माझं म्हणणं एवढंच, की गेनरने ती माफी फुकट दिलेली नाही. ताटलीपासून चाकूपर्यंत ती प्रत्येक ठिकाणी परत घाबरते.

पायरी 10: पुढे

गेनर आवडली असेल तर तिचा 'सेव्हन्थ हेवन' (1927) घ्या. आपल्या मातीतलं हवं असेल तर 'प्रपंच पाश' (1929): हिमांशू रायची निर्मिती, फ्रान्झ ऑस्टेन हा जर्मन दिग्दर्शक, सीता देवी आणि चारू रॉय, आणि जुगारात राज्य आणि प्रेयसी दोन्ही पणाला लागलेली. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने केलेली त्याची नवी प्रत डोळ्यांचं पारणं फेडते. त्या काळातले आपले बहुतेक मूकपट मात्र नष्ट झालेत. जे उरलं त्यातलं बरंचसं पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाने, म्हणजे 1964 साली सुरू झालेल्या एनएफएआयने, गोळा करून ठेवलंय. तिथे खेळ असतात, लक्ष ठेवा.

मुर्नाऊ 11 मार्च 1931 ला कॅलिफोर्नियात मोटार अपघातात गेला. तीन दिवसांनी, 14 मार्चला, मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि आपला पडदा बोलायला लागला.

'सनराइज' दुसऱ्यांदा बघाल, तेव्हा फक्त होडीपासून चर्चपर्यंतचा भाग लावा आणि इंग्रजी न येणाऱ्या कुणाला तरी शेजारी बसवा. वाचून दाखवू नका. ताटली पुढे सरकली, की ते काय म्हणतात ते ऐका.